दारातल्या चपला

दादा,

माझं काम तुला ठाऊकच आहे, सिनेमातल्या माणसांच्या पावलांचे आवाज स्टुडिओत काढायचं. नुकत्याच केलेल्या एका सिनेमातला भाऊ तुझ्यासारखाच मनानं आजारी. दिग्दर्शक म्हणाले, "पाय घासत येऊ दे, भीती वाटली पाहिजे."

"काहीतरीच काय! तो स्वतःच घाबरलेला असतो," मी सुनावलं.

आपल्यामुळे कुणी दचकू नये म्हणून तू दाराबाहेर चपला दोनदा आपटून मगच आत यायचास. तुझ्याच चपला हातात घेऊन मी तसंच वाजवलं. दिग्दर्शकांनी तोच आवाज सिनेमात ठेवला.

काल आईला सिनेमा दाखवला. त्या आजारानं तुला नेल्यापासून तिनं तुझं नाव काढलेलं नाही. अंधारात चपला वाजल्या आणि ती खुर्चीतून उठायलाच लागली.

"दार उघड गं," म्हणाली, "आला तो."

तुझी,
आगाऊ बहीण