बिनखिडकीचं पाकीट

३ जून

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. कारण काही नाही, झाला. ऑफिसला जाते, जेवते, झोपते. आईला जाऊन चार महिने होतील आणि मला अजून धड रडूही आलेलं नाही. आतून सगळं बधिर आहे. तुम्ही कसे आहात ते विचारत नाही, कारण तुम्ही ठीक आहे म्हणणार.

कामाचं लिहिते. आमच्याकडे एका हॉस्पिटलचं छपाईचं काम आलंय. आईला ठेवलं होतं ते नव्हे, दुसरं. तिथे कुणी दगावलं की महिन्याभराने घरच्यांना सांत्वनाचं पत्र जातं. त्याचा कागद आणि पाकीट ठरवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. साहेबांनी मुद्दाम दिलं नाही, त्यांच्या लक्षात आलं नाही. मीही बोलले नाही.

सोबत पाच कागद आणि दोन पाकिटं पाठवतेय. तुम्ही जन्मभर छापखाना चालवलात, तेव्हा नेहमीसारखं हात लावून, उजेडात धरून, शाईने लिहून बघा. हॉस्पिटलवाल्यांना खिडकीचं पाकीट हवंय, म्हणजे आतल्या पत्रावरचाच पत्ता बाहेरून दिसतो. महिनाअखेर ठरवायचंय.

लोभ आहे हे मला ठाऊक आहे, पण तो चार ओळींत आटपू नका.

तुमची,
खारू

८ जून

चि. खारूताई हिस,
अ. उ. आ.

नमुने पोचले. लहानपणी छापखान्यातल्या कातरणी खिशात कोंबून न्यायचीस म्हणून तुझं नाव खारूताई पडलं. आता पगार घेऊन तेच करतेस. मी ठीक आहे.

पहिला कागद चकचकीत. दुकानाच्या जाहिरातीला शोभेल, इथे नको. दुसरा पातळ, मागचं पुढे दिसतं. तिसरा घडी घातली की तडकतो, कागदाच्या धाग्याला आडवा कापलाय. चौथा कोऱ्यातच जुना वाटतो. पाचवा चांगला आहे. पांढरा असून डोळ्यांवर येत नाही आणि घडी निमूट बसते.

खिडकीचं पाकीट घेऊ नका. का ते विचारू नकोस.

जेवण वेळेवर होतं. शेजारचे मास्तर संध्याकाळी येऊन बसतात. ते बोलतात, मी मान हलवतो.

आम्हा दोघांचे आशीर्वाद.

तुझे बाबा

१३ जून

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

का ते विचारू नकोस, असं मी साहेबांना कसं सांगू? त्यांना कारण लागतं. खिडकीचं पाकीट सोयीचं पडतं, काम भराभर होतं, असं त्यांचं म्हणणं.

आणि शाईबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीत. या पत्राखाली डॉक्टर पेनाने सही करणार आहेत. शाई फुटली तर सगळंच मुसळ केरात. छापखान्यात नवा कागद आला की तुम्ही खिशातलं पेन काढून कोपऱ्यात आईचं नाव लिहायचात. ती चिडायची, माझं नाव काय गिऱ्हाइकांना दाखवायला ठेवलंय का म्हणून. तुम्ही म्हणायचात की हाताला वळणच तेवढं आहे, त्याला मी काय करू.

या वेळी पाचही कागद कोरेच राहिले ना? फोनवर तुम्ही तिला नुसतं 'ती' म्हणता. ती गेल्यापासून तिचं नाव मी तुमच्या तोंडून ऐकलेलं नाही. मला काळजी त्याची आहे, कागदाची नाही. कागद काय, कुठलाही चालेल.

पत्राच्या शेवटी 'आम्हा दोघांचे' असं लिहिलंय. सवयीने लिहिलं असणार. मी ते परत परत वाचलं.

राग नसावा. आला तर तोही लिहून कळवा.

तुमची,
खारू

१९ जून

चि. खारूताई हिस,
अ. उ. आ.

आधी पाकिटाचं. आपल्यालाही हॉस्पिटलकडून असं पत्र आलं होतं. खिडकीचं पाकीट होतं, म्हणून मी ते विजेच्या बिलांबरोबर तारेला अडकवलं. पैसे बँकेतून परस्पर जातात आणि बिलं उघडून बघायचं काम तुझ्या आईचं, त्यामुळे ते तसंच राहिलं. तुझं पहिलं पत्र आलं त्या दिवशी उघडलं. मजकूर चांगला होता. कुणीतरी आपली आठवण ठेवली होती, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. साहेबांना हे कारण सांग, माझं नाव घेऊन सांग. पत्ता हाताने लिहा.

आता शाई. नमुने आले त्या दिवशी पेन काढलं, टोपण उघडलं आणि परत लावलं. काल सकाळी पुन्हा बसलो आणि पाचव्या कागदावर तिचं नाव लिहिलं, आडनावासकट. शाई फुटली नाही, मागेही उमटली नाही. अक्षर वाकडं आलं, पण तो कागदाचा दोष नाही. हाच घ्या.

मग तिथून उठवेना. मास्तर आले तेव्हाही मी तिथेच होतो. त्यांनी काय झालं विचारलं, तेव्हा मी नाव घेऊन सांगितलं की ती गेली. त्यांना ते माहीतच होतं. या वेळी मान त्यांनी हलवली. रडू मलाही आलं नाही. येईल तेव्हा येईल, तू त्याची धास्ती घेऊ नकोस.

चार कागद आणि दोन्ही पाकिटं परत पाठवतोय. पाचवा मागू नकोस.

आशीर्वाद. माझ्या एकट्याचे.

बाबा