सातव्या डोहाची शेवटची पानं

सातारा, ६ डिसेंबर २०२४

चि. शांतिनाथ यास आक्काचे अनेक आशीर्वाद, जय जिनेंद्र.

फोनवर ओरडून माझा घसा बसतो आणि तुला अक्षर ऐकू येत नाही, तेव्हा पत्रच बरं. दीपालीनं आणलेलं कानाचं यंत्र तू पेटीत टाकलंस म्हणे. सुनेची तरी लाज धर.

इथं रद्दीच्या दुकानात आपल्या 'सात डोहांच्या गोष्टी' सापडल्या, सातही पुस्तकं. मी वाचायची आणि जयराज डोहात उतरला की तू माझा परकर घट्ट धरायचास. तुझी सुंदरी देवाघरी गेल्यापासून मळ्यात एकटा असतोस, संध्याकाळ खायला उठते. म्हणून पार्सल केलं आहे. वाच आणि कळव.

कडू बोलणारी पण तुझीच,
आक्का

मळा, कडेगाव, १८ डिसेंबर

ती. आक्काताईस शि. सा. न. वि. वि.

सगळी वाचली. लहानपणी डोहराजा दुष्ट वाटायचा, आता तसा वाटत नाही. त्याचा नियम एकच, पाण्यातलं पाण्यात परत. जो ठेवून घेईल त्याच्या घरातलं माणूस तो नेतो. आक्का, हे तर आपल्याच घरचं आहे. सुंदरी रोज विहिरीचं पाणी फडक्यातून गाळायची आणि फडक्यात राहिलेले जीव, म्हणजे जिवाणी, कडीच्या तांब्यानं त्याच विहिरीत अलगद सोडायची. तिला तापात सांगलीच्या दवाखान्यात नेलं, त्या दिवशी जिवाणीचा तांब्या ओट्यावरच राहिला. परत आलो तेव्हा तांब्या कोरडा होता आणि ती नव्हती. हे माझ्या आजवर ध्यानातच आलं नव्हतं.

सातव्या पुस्तकाची शेवटची पानं वाळवीनं खाल्लीत. जयराज आईला सोडवायला पायऱ्या उतरतो, तिथंच पान तुटतं. पुढं काय होतं? तुला सगळं पाठ होतं. लवकर कळव, माझी झोप गेली आहे.

धाकट्यावर माया असू दे.
शांती

सातारा, २६ डिसेंबर

चि. शांतिनाथ यास अनेक आशीर्वाद.

अरे वेड्या, जिवाणीचा आणि तापाचा काय संबंध? तसं असतं तर निम्मी सांगली ओस पडली असती.

शेवट सांगते. जयराज दिवेलागणीला उतरतो, राहिलेलं ते स्वतःच्या हातानं पाण्यात सोडतो आणि राजा त्याची आई परत देतो. पण अट आहे. काठावर थोरली बहीण हवी. तिची हाक ऐकू येईपर्यंत मागं वळायचं नाही, वर यायचं नाही. म्हणजे आक्कावाचून तुझं तेव्हाही चालत नव्हतं, आताही चालत नाही. संक्रांत झाली की येते. तोवर विहिरीकडं फिरकू नकोस.

जिवाला जप.
आक्का

सातारा, २६ डिसेंबर

चि. सौ. दीपालीस अनेक आशीर्वाद.

तुम्ही दोघं श्रवणबेळगोळला, फोन लागत नाही. सांगलीला घरी आल्या आल्या हे वाच. तुझ्या सासऱ्यांना मी एका गोष्टीचा शेवट लिहून पाठवला आहे. खरा शेवट मला आठवत नाही, मनानंच गोड करून रचला. मी येईपर्यंत त्यानं विहिरीत उतरू नये म्हणून हाकेची अट घातली. पत्र पेटीत टाकलं आणि मग मनात शंका आली. उगाच असेल. तरी मळ्यात जाऊन ये आणि सुंदरीचा तांब्या नजरेआड कर. मला भीती वाटते आहे, बाळ.

तुझी आत्या

मळा, कडेगाव, ५ जानेवारी २०२५

ती. आक्काताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं आणि डोक्यावरचं ओझं उतरलं. संक्रांतीपर्यंत थांबता येणार नाही. कालव्याला पाणी सुटलंय, विहीर रोज चढते आहे. खालच्या पायऱ्या बुडाल्या. आज सुंदरीच्याच फडक्यातून पाणी गाळलं, जिवाणीचा तांब्या भरून ठेवला आहे. दिवेलागणीला उतरतो.

गडी ज्ञानू कानाशी ओरडून सांगत होता की मालक, पायऱ्या लय निसरड्या हायेत, उतरू नगासा. त्यालाच हे पत्र देऊन गावात पाठवतो आहे.

तू काठावर नाहीस याची काळजी करू नकोस. खालून जयराजला तरी बहीण कुठं दिसत होती? साताऱ्याहून हाक मारलीस तरी पोचेल. आणि माझ्याकडून चूक व्हायची नाही. ज्ञानूनं बोलावलं, दीपालीनं बोलावलं, तरी मला कुणाचंच ऐकू येत नाही. कानावर येईल ती तुझीच हाक असेल. तोवर मी वळणार नाही, पाणी कितीही चढू दे.

हाक मारायला विसरू नकोस.

तुझा शांती