जेसीबी नव्हे, एवढं नक्की

मु. पो. माहीम (पालघरचं, मुंबईचं नव्हे)

ती. नरहरीदादांना कमलाकांतचा वाकून नमस्कार.

तुमचा डावा गुडघा कसा आहे? (दुखरा उजवा असेल तर उजवा.) वहिनींची साखर आटोक्यात आहे ना? आम्ही इथे मजेत, म्हणजे निदान तब्येतीने. फोनच केला असता, पण उन्नतीच्या साखरपुड्यापासून तुम्ही तो उचलत नाही, आणि व्हॉट्सॅपवर तुमच्या फोटोच्या जागी राखाडी बाहुला आलाय. समोरच्या पंढरीला दाखवलं, तर म्हणाला, "काका, तुमाला ब्लॉक केलंय." म्हणून हे पाकीट. रजिस्टर केलंय, सही करून घ्यावंच लागेल.

विषय असा, की तुमच्या भाचीचं लग्न चौदा दिवसांवर आलं आणि मांडवाच्या जागी एक मशीन बसलंय. झालं काय, मासेमारीची जाळी ठेवायला मी बोईसरच्या एका भंगारवाल्याकडून जुना कंटेनर घेतला. (तुमची बहीण हिरा म्हणत होती, लग्न तोंडावर आलंय आणि तुमी जाळ्यांना बंगला बांधताय? पण तिचं ऐकलं असतं तर हे पत्रच लिहावं लागलं नसतं, तेव्हा ते सोडा.) कंटेनर घेऊन जे धूड आलं ते मी जन्मात पाहिलं नव्हतं. ट्रकएवढं लांब, ड्रायव्हरची केबिन पुढच्या कोपऱ्यात एका बाजूला, जागा उरली म्हणून बसवल्यासारखी. उचलायचं यंत्र ना पुढे ना मागे, सगळा उद्योग कुशीला! चालतं सरळ आणि काम करतं आडवं, चिंबोरीच्या उलट. बाजूला लोखंडी पाय टेकले, पाठीवरचा कंटेनर कुशीकडे सरकवला आणि इतका अलगद खाली ठेवला, की आमच्या आईने, साखरबाईने, कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. बहुतेक तिचीच दृष्ट लागली. निघताना ते खोकलं, अंगणभर तेल ओकलं आणि गप्प झालं. सुजीत ड्रायव्हर पाइप आणायला बोईसरला गेला तो आठ दिवस बेपत्ता. पाइप दुसरीकडून मागवावा तर मशीनचं नाव हवं, आणि पाटीवर गंजाशिवाय अक्षर नाही.

मग काय, गाव जमलं. पंढरी (याचं मत मागावं लागत नाही) म्हणाला, बोअरिंगचं मशीन हाय, आणि घरी जाऊन आपल्या विहिरीला कुलूप कसं लावायचं याची चौकशी करू लागला. माझा पुतण्या निमेश बोईसरला कारखान्यात आहे. त्याने खाली वाकून, वर चढून, दोनदा ठोकून पाहिलं आणि सांगितलं, फोर्कलिफ्टच आहे, फक्त कलंडलेला. आईने नावाची वाट न बघता साखळीवर बोंबील टाकले. (उत्तम सुकले. वारा चारी बाजूंनी लागतो.) कहर केला तो व्याह्यांनी. मासवणहून मांडवाची जागा बघायला आले, मशीनभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "नवरा-नवरी यावरून खाली उतरणार का हो? आमच्या मुलाला उंचावर चक्कर येते, आधी कळवायचं होतंत." माझ्या तोंडून 'नाही' निघेना, इतके ते कौतुकाने बघत होते. आता म्हणे रोज संध्याकाळी मुलाला गच्चीच्या कठड्याशी उभं करून सवय लावतायत.

दादा, प्रत्येक जण चुकला तेव्हा मला तुमची आठवण झाली. एकतीस वर्षं तुम्ही न्हावा-शेव्याला असले डबे उचललेत. आणि मी काय केलं? साखरपुड्यात भर पंगतीत व्याह्यांना सांगितलं, "हे आमचे मेहुणे, बंदरात जेसीबी चालवायचे." तुम्ही ताटावरून उठलात, अख्खं पापलेट टाकून. (ते मी खाल्लं. काटा अडकला. भरून पावलो.) चुकलं माझं. आता आठवडाभर एका मशीनशी संसार केल्यावर कळलं, की जेसीबी आणि तुमचं मशीन यांत किती अंतर असतं. तेव्हा हळदीच्या चार दिवस आधी या आणि हे काय आहे ते ओळखा. फोटोवरून जमणार नाही, अर्धंच मावतं. पत्रिकेत मामा म्हणून तुमचंच नाव छापलंय.

तुमचा (रागावलात तरी) भावोजी,
कमलाकांत

ता. क. : मशीनला साइड लोडर म्हणतात. सुजीतने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण हिरा म्हणाली, "दादा माफीसाठी येयाचा नाय. मशीनचं नाव चुकवा, धावत येल."

ता. क. २ : सुजीत बेपत्ता वगैरे काही नव्हता. पाइप दुसऱ्या दिवशी बसला, मशीन गेलंही. पण तुम्ही याल आणि अंगण रिकामं बघून फाटकातूनच परत फिराल या भीतीने मी सुजीतच्या हातापाया पडून ते परत आणवलंय. मांडव त्याच्याभोवती घालतोय.

ता. क. ३ : उन्नतीने सांगून टाकलंय, पाठीशी मामा उभा राहिल्याशिवाय ती पाटावर उभी राहणार नाही. तेव्हा जरा लवकर या, दादा. नवरामुलगा अजून गच्चीवर आहे.