गार्थस्केलांची खूण

गार्थस्केल, हॅरडेल
१९ जून २००९

प्रिय डेल्रोजबाई यांस,
सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र सोमवारी मिळालं. तुम्ही बर्मिंगहॅमला सुखरूप पोचलात हे वाचून जीव भांड्यात पडला. आमच्या रस्त्याला दोन्हीकडून दगडी बांध, मध्ये एका गाडीपुरती जागा, आणि समोरून दुधाचा टँकर आला की मागे कुठवर जायचं ते देवच जाणे. तुम्ही जन्मभर लोकांना गाडी शिकवलीत, तुम्हाला त्याचं काही वाटलं नसेल. मी मात्र तुमचा फोन येईल म्हणून वाट बघत होतो. माझी बहीण विनी म्हणते, काळजी करण्यासारखं काही उरलं नाही, की मी त्याचीच काळजी करत बसतो.

मेळाव्याचे फोटो तो भरवणाऱ्या लायोनेलसाहेबांनी पाठवले. साखरखोलीच्या दारात आपण सगळे गार्थस्केल उभे आहोत, तो चांगला आला आहे. एका आडनावाची इतकी माणसं मी एका जागी कधीच पाहिली नव्हती. तुम्ही उजवीकडे टोकाला आहात, आणि तुमचा अर्धा खांदा कापला गेला आहे. फोटो काढणाऱ्याला मी बोललो.

आपलं आडनाव कुठेकुठे पसरलं ते दाखवणारा लायोनेलसाहेबांचा तो नकाशा अजून चॅपलच्या हॉलमध्येच लटकतो आहे. होऊन गेलेल्या गार्थस्केलांच्या टाचण्यांचा मोठा झुबका आमच्या खोऱ्यात, थोड्या टाचण्या डरहॅमच्या खाणींकडे, दोन न्यूझीलंडला, आणि जमैकात तो दुसरा झुबका. इतक्या जुन्या नावात आता खोऱ्यात राहिलेला मी एकटा, म्हणून माझी टाचणी त्यांनी लाल लावली आहे. विनी लग्न करून रेडमन झाली होती, ती धरत नाहीत. नावाचा अर्थ त्यांनी सांगितला तो बरोबर आहे, कुंपणाजवळची मेंढपाळाची झोपडी. ती झोपडी होती तिथेच आमचं घर आहे. पण तुमच्या जमैकाच्या झुबक्याला ते ‘स्वतंत्र शाखा’ म्हणाले, तेव्हा तुम्ही हसलात, ते का हे मला कळलं नाही. किंवा कळलं असेल.

तुम्ही पत्रात पुन्हा दोन गोष्टी विचारल्या आहेत. एक, रुमालावरच्या त्या खुणेची. मी इथे एकदोघांना विचारलं. कुणाला ठाऊक नाही. दुसरी, तुमच्या रुमालाची. हॉल झाडला तेव्हा सापडला नाही. आजीच्या हातचा होता म्हणता, वाईट वाटलं. सापडला तर लगेच पाठवीन.

एडके दाखवायचे राहिले, त्याबद्दलही मनाला लावून घेऊ नका. त्या दिवसांत ते चावतात.

चहा गार होता, तोही विनीचा दोष नाही. माझी शाळा चौदाव्या वर्षी सुटली, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आपला,
आमोस गार्थस्केल
(गार्थस्केलचा शेवटचा गार्थस्केल)


गार्थस्केल, हॅरडेल
२२ नोव्हेंबर २००९

प्रिय डेल्रोजबाई यांस,
सप्रेम नमस्कार.

इकडे थंडी पडली आहे. गुडघे धरले आहेत. तुमच्या भाचीला मुलगी झाली, हे तुमच्या ऑगस्टच्या पत्रात वाचलं, फार आनंद झाला. उत्तर द्यायला उशीर झाला. गवत कापायचं होतं, मग मेंढ्या विकायला न्यायच्या होत्या, मग खोकला होता. हे सगळं खरं आहे, पण उशीर त्यामुळे झाला नाही.

पाकिटात तुमचा रुमाल आहे. तो हॉलमध्ये नव्हताच. माझ्या चांगल्या कोटाच्या खिशात होता, जूनपासून.

आधी एडक्यांचं सांगतो, ते सोपं आहे. एडके चावत नाहीत. धडक देतात, पण तुम्ही बांधाच्या अलीकडून बघितले असते तर काही झालं नसतं. तुम्ही येणार त्या दिवशी सकाळी ते घराजवळच्याच कुरणात होते. तुम्ही हॉलमध्ये तो रुमाल उलगडल्यावर, तुम्ही सगळे केक खात होतात तेव्हा, मी मागच्या दाराने जाऊन कुत्र्याकडून ते वरच्या कुरणात हाकलले. धापा टाकत परत आलो. तुम्हीच मला खुर्ची दिलीत आणि म्हणालात, “काका, बसा जरा. या वयात पळायचं काय अडलंय?”

माझ्या एडक्या-मेंढ्यांच्या शिंगांवर खूण डागलेली असते. वाकडा आकडा, त्याच्या पोटात आडवी रेघ. तुमच्या रुमालाच्या कोपऱ्यात निळ्या दोऱ्याने भरलेली आहे तीच.

हे वाक्य लिहून मी उठलो आणि शेगडीत कोळसा टाकून आलो. शेगडीत कोळसा होता.

तुम्ही हॉलमध्ये उभ्या राहून बोललात ते मला शब्दन् शब्द आठवतं. तुमच्या घरात मूल जन्मलं की त्याच्या दुपट्याच्या कोपऱ्यात बायका हे भरतात. सगळ्यात जुनी जी बाई आठवणीत आहे, फिबा, तिच्या खांद्यावर हे होतं. फिबाच्या लेकीने ते पाहून पहिल्यांदा भरलं. पुढे कुणी त्याला फूल म्हणालं, कुणी किल्ली. तुम्ही म्हणालात, “आमच्यात कुणालाच नक्की माहीत नाही. तुमच्यापैकी कुणी हे कुठे पाहिलंय का?” आणि लायोनेलसाहेब माझ्याकडे वळून म्हणाले, “आमोसला विचारा, खोऱ्यातली प्रत्येक खूण त्याला पाठ आहे.”

मी रुमाल घेतला. खिडकीशी नेऊन उजेडात धरला, जणू नीट दिसत नव्हतं. आणि म्हणालो, “नाही. असली खूण आमच्याकडची नाही.”

मग रुमाल परत द्यायच्या ऐवजी खिशात घातला. का, ते मला त्या वेळी कळलं नव्हतं. तो टेबलावर पडला असता तर विनीने पाहिला असता. पण विनीने तो आधीच पाहिला होता. ती माझ्या मागेच किटली घेऊन उभी होती. चहा गार झाला तो त्यामुळे.

आता तुम्हाला आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, म्हणजे मी काय केलं ते कळेल. डोंगरावर कुंपण नसतं. सगळ्यांच्या मेंढ्या एकत्र चरतात, भरकटतात. म्हणून प्रत्येक घराची खूण. नोव्हेंबरात सगळे मेंढपाळ पबच्या मागच्या अंगणात जमतात, आणि ज्याच्याकडे ज्याची चुकलेली मेंढी आली असेल ती घेऊन येतो. कुणी तुम्हाला ‘ही खूण कुणाची’ असं चारचौघांत विचारलं, तर जे माहीत आहे ते सांगायचं. वैरी असला तरी सांगायचं. दारू पिऊन शेजाऱ्याला बदडलं तर लोक विसरतात, पण खूण ओळखून नाही म्हणणाऱ्याशी कुणी बोलत नाही. दुसऱ्याचं चुकलेलं आपल्याकडे ठेवणारा तर त्याहून खालचा. माझ्या वडिलांनी मला मारलं असेल नसेल, पण ही गोष्ट त्यांनी मला चालायला शिकवतानाच शिकवली.

आमच्या गोठ्यात दारामागे दोन खुंट्या आहेत. एका खुंटीवर डाग द्यायची सळई असते. दुसरी रिकामी. लहानपणी मी वडिलांना विचारलं होतं, इथली कुठे गेली? ते म्हणाले, “ती बाहेरगावी गेलीय.” वर काही नाही. थोरल्याला शेत मिळायचं आणि धाकटा नशीब काढायला जायचा, असं पूर्वी होतं. एक धाकटा उसाच्या मुलखात गेला, श्रीमंत झाला, त्याने पैसे पाठवले आणि घराला पुढची खोली बांधली गेली, एवढं आम्हाला ठाऊक होतं. तिला साखरखोली म्हणतात. पाहुण्यांना मी सांगतो की चुना पांढरा आहे म्हणून. तुम्हालाही तेच सांगितलं. त्याच दारात उभं करून तुमचा फोटो काढला.

आमच्याकडचा माणूस परमुलखात जाताना आपली खूण घेऊन जाणार, यात कुणाला काही वावगं वाटलं नसेल. तिथे मेंढ्या नव्हत्या. उसात राबायला विकत घेतलेली माणसं होती. मला हे कधी सुचलंच नाही, असं मी लिहिणार होतो. पण जमैकात आमच्या नावाची इतकी माणसं आहेत, हे लायोनेलसाहेबांनी दोन वर्षांपूर्वी पत्राने कळवलं, तेव्हा मी गोठ्यात जाऊन त्या रिकाम्या खुंटीवर दोराचं भेंडोळं अडकवलं होतं. म्हणजे सुचलं होतं.

तुम्ही गेल्यावर विनी माझ्याशी सरळ बोलेना. जेवायला वाढून कुत्र्याला सांगायची, “त्याला सांग, रस्सा आहे.” जुलैत एकदा मी ती सळई घेऊन ओढ्याकडे निघालो. ती दारात मटार सोलत होती. तिने काय चाललंय म्हणून विचारलंसुद्धा नाही.

“फेक,” म्हणाली. “म्हणजे दोन्ही खुंट्या रिकाम्या होतील. मग म्हणशील, इथे कधी काही टांगलेलंच नव्हतं.”

“तू गप्प बस, विने.”

“मी गप्पच होते. ती बाई तुला खुर्ची देत होती, तेव्हा मी गप्प होते. माझं मला पुरे झालंय.”

मी सळई परत टांगली.

काल मेंढपाळांचा मेळ झाला. किट रेडमन, विनीचा दीर, माझी एक मेंढी घेऊन आला. तिच्या लोकरीवर रंगाचा पट्टा राहिला नव्हता, पावसाने धुऊन गेला होता, कानाला कापून केलेली खूण फाटून गेली होती. शिंगावरचा डाग तेवढा जवळून दिसायचा; ठेवून घेतली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. त्याने तिला माझ्यापुढे उभी केली, शिंग धरून डाग दाखवला आणि रीतीप्रमाणे मोठ्याने विचारलं, “ही खूण कुणाची?”

वर हळूच म्हणाला, “लवकर बोल, आमोस. तुझ्यासारखीच खादाड आहे. माझं गवत संपवलंय हिने.”

लोक हसले. मला एवढंच म्हणायचं होतं, ‘माझी.’ साठ वर्षं म्हणत आलो आहे.  पण हात खिशात होता आणि खिशात तुमचा रुमाल होता. शेवटी मी तो काढला आणि मेंढीच्या शिंगाशेजारी धरला. सगळ्यांनी बघितलं. किटला वाचायचा चष्मा लागतो पण खूण ओळखायला लागत नाही.

“हे कुठलं?” त्याने विचारलं.

मी सांगितलं. उभ्याउभ्या सगळं सांगितलं, हॉलमधलं, एडक्यांचं, खुंटीचं.  एकजण म्हणाला, जाऊ दे, अडीचशे वर्षं झाली, त्यात आमोसने काय केलं? मला ते ऐकून बरं वाटलं, हे कबूल करतो. पण किट म्हणाला, “अडीचशे वर्षांपूर्वीचं त्याला कोण विचारतंय? जूनमध्ये बाईने विचारलं ते सांग.” मग माझ्याकडे बघून म्हणाला, “तुला काय वाटलं होतं, तुझं आडनाव तिकडे हवा खायला गेलं होतं?”

आणि मेंढीचं शिंग माझ्या हातात देऊन गेला. माझ्या टेबलावर जेवायला बसला नाही. तोही रीतीप्रमाणेच वागला.

डेल्रोजबाई, मला माफी मागता येत नाही. मागितली तर तुम्हाला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि ते काम मी तुमच्यावर टाकू नये, असं विनी म्हणते. तुमच्या भाचीने लेकीच्या दुपट्यावर हे भरलं असेल का, याच विचारात मी असतो. भरलं असेल, तर आता ते काय आहे हे माझ्यामुळे तिला कळेल. नाही कळवलं, तर मी जूनमधलाच माणूस राहीन. दोन्हीकडून मला झोप नाही. पण फिबाच्या लेकीने ते सुईने भरलं, तेव्हा तिला ते काय आहे हे नक्की ठाऊक असणार. तरी भरलं. त्यामागे तिचं काय मन होतं ते समजण्याइतकी माझी अक्कल नाही. ते तुमच्या घरच्या बायकांनी ठरवावं.

खुंटीवरचा दोर काढला आहे. सळई आहे तिथेच आहे. ती तुमच्याकडे पाठवावी असं एकदा वाटलं, पण असली वस्तू टपालाने कुणाच्या दारात पडू नये. तुम्ही सांगाल ते तिचं करीन. तुम्ही काहीच सांगितलं नाहीत, तर ती आणि तिच्या शेजारची रिकामी खुंटी दोन्ही तशीच राहतील, आणि कुणी विचारलं तर मी सांगीन. कुठल्याच जनावराला यंदापासून ती लावणार नाही. नवी खूण काय घ्यायची ते ठरलं नाही. बिनखुणेच्या मेंढ्या डोंगरावर सोडायच्या म्हणजे मला धास्तीच आहे, पण ते माझं मी बघेन.

लायोनेलसाहेबांनाही लिहिलं आहे, की ‘स्वतंत्र शाखा’ हे नकाशावरून खोडा. आणि माझी लाल टाचणी मी स्वतः काढून आलो. साधी लावली.

तुम्ही चारचौघांत विचारलं होतं. चॅपलचा हॉल मला केव्हाही मिळतो. तुम्हाला पुन्हा यावंसं वाटलं तर या, त्याच माणसांसमोर पुन्हा विचारा. नाही वाटलं, तर त्या दिवशी द्यायचं होतं ते उत्तर इथे लिहितो.

ती खूण माझी आहे.

आपल्याच नावाचा,
आमोस