निवड माझी होती

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट, लिफ्ट दुरुस्तीचा धंदा चालवणारी विधवा, हे मृत्युपत्र स्वतःच्या मनाने व स्वतःच्या हाताने लिहीत आहे. हृदय थकले आहे असे डॉक्टरांनी सांगितले. डोक्याबद्दल त्यांची तक्रार नाही. तसा त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर मुलीला द्यावे. तळमजल्यावरची खोली मात्र तात्या हयात असेपर्यंत तात्यांची. त्यांच्याकडे भाडे मागू नये आणि त्यांच्या खोकल्याबद्दल कुरकुर करू नये.

तात्या आमचे सर्वांत जुने मेकॅनिक. यजमान अचानक गेले तेव्हा मला पान्याचे नंबरही कळत नव्हते. तात्यांनी मला शिडीवरून मशीनच्या खोलीत चढवले आणि म्हणाले, "वहिनी, आधी दोराला हात लावा, मग कागदाला." या एका वाक्यावर मी धंदा चालवला. एकदाच विसरले.

२. यजमानांची हत्यारांची पेटी तात्यांना द्यावी. ते आता शिडी चढत नाहीत, ऑफिसात फोन घेतात. तरीही पेटी त्यांचीच. त्याचे कारण पुढे येते.

३. वर्कशॉप निम्मे मुलीला, निम्मे मुख्य मेकॅनिकला, ज्याला आमच्याकडे सगळे मौनी म्हणतात. मुलीची संमती आहे. "आई, मला नट कुठला नि बोल्ट कुठला कळत नाही, मी कशाला लुडबुड करू?" असे ती म्हणाली. कामावर कोणाला घ्यायचे हे यापुढे मौनीने ठरवावे. का, ते लिहून ठेवते, म्हणजे नंतर कोणी तोंड वर करून विचारायला नको.

बारा वर्षांपूर्वी तपासणीच्या कामाला एक मेकॅनिक हवा होता. दोघे आले. एक मौनी. त्याच्या जुन्या मालकाच्या पत्रात लिहिले होते, 'काम अर्धवट टाकून गेला.' मी पत्र बाजूला ठेवले, आणि त्यालाही. दुसरा माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. नवे प्रमाणपत्र, गोड बोलणे. बहीण आदल्या दिवशी येऊन गेली होती. "ताई, घरचं पोर सोडून बाहेरच्याला घेशील?"

तात्या मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "वहिनी, त्या बाहेरच्याने आत येताच दुरुस्तीला आलेल्या लिफ्टच्या मोटरचा आवाज ऐकला. बेअरिंग जातंय म्हणाला. त्याला घ्या."

"तात्या, भाचा आहे हो माझा."

"लिफ्टला नातं कळत नाही."

मी भाच्याला घेतले.

आठव्या महिन्यात त्याने सहा मजली इमारतीतल्या लिफ्टचा तपासणीचा कागद भरून आणला. 'ब्रेक ठीक.' मी त्यावर शिक्का मारला. पुढच्या आठवड्यात तात्या तिथे पिंजऱ्याच्या टपावर उभे राहून काम करत होते. ब्रेकने पिंजरा धरला नाही. तात्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

दवाखान्याच्या जिन्यात बहिणीने माझे हात धरले. "म्हाताऱ्याची नजर चुकली म्हणून सांग ना. पोराचं आयुष्य जाईल."

मी चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यांना खरे ते सांगितले. भाच्याचा परवाना गेला. बहिणीने बोलणे टाकले, ते आजतागायत. लोक भाच्याला दोष देतात. सही त्याची होती, हे खरे. पण निवड माझी होती, आणि तिच्यासाठी मला कोणी एक दिवसही घरी बसवले नाही.

मग मी मौनीला शोधत गेले. तो पंप दुरुस्त करत होता. विचारले, "तेव्हा काम अर्धवट का टाकलंत?"

"दोर झिजलेला होता. मालक म्हणाले, चांगला आहे असं लिही. मी नाही लिहिलं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाहीत, बाई."

म्हणून माझी अट अशी: येणाऱ्याला तोंडी विचारावे, नुसता कागद वाचू नये. आणि मालकांचा नातलग आला तर मालकांनी मत देऊ नये.

४. ही अट मी स्वतः पाळली आहे. गेल्या महिन्यात जागा निघाली. अर्ज करणाऱ्यांत भाचा होता. परवाना त्याने परीक्षा देऊन परत मिळवला आहे, कानशिलावरचे केस पांढरे झाले आहेत. मौनी आणि तात्यांनी मुलाखत घेतली. मी भिंतीकडच्या खुर्चीत गप्प बसले.

तात्यांनी विचारले, "कागद भरताना तू कुठे होतास?"

"खालीच. सहा मजले चढायचा कंटाळा आला होता." मग तो म्हणाला, "हे मी आईलाही सांगितलेलं नाही."

तात्या म्हणाले, "पायाचं मी तुला माफ केलं. केव्हाच केलं. पण नोकरीचं मौनी बघेल."

मौनीने जागा अर्ज केलेल्या एका मुलीला दिली. ती भाच्याहून हुशार आहे. मीही तिलाच घेतले असते. तरी भाचा जिना उतरून दिसेनासा होईपर्यंत मी खिडकीत उभी होते.

५. आईच्या बांगड्या धाकट्या बहिणीला. बँकेतली शिल्लक भाच्याला. ती मालकीणबाईंकडून नाही, मावशीकडून आहे. वर्कशॉपवर त्याचा हक्क नाही. माझ्यावर होता, आणि अपघातानंतर मी त्याला एकदाही जेवायला बोलावले नाही. हे पत्र वाचायच्या दिवशी त्याला आणि त्याच्या आईला आधी जेवू घालावे, मग हे कलम मोठ्याने वाचावे.

वरील मजकूर मी दोनदा वाचला. खोडण्यासारखे काही सापडले नाही.

सही (लिहून देणार)

साक्षीदार, ज्यांना या पत्रात काहीही ठेवलेले नाही:
१. आमचे डॉक्टर (सही)
२. शेजारचे चष्मेवाले (सही)

ठिकाण: वर्कशॉपचे ऑफिस
दिनांक: १४ मार्च, सोमवार, सकाळी अकरा