सायटेशनची भिशी

१२ ऑगस्ट, सोमवार

श्रावणी सोमवार. पूजेत मन लागलं नाही. इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतलं की नजर तिथंच ठरायला हवी. आज ती घसरून बोटांवर जात होती. स्वच्छ बोटं. पूर्वी आयोडीनचे तपकिरी डाग असायचे, घासूनही निघायचे नाहीत. आता नुसता सह्या करणारा हात.

विद्यापीठाचं पत्र आलंय. मार्चमध्ये समिती येणार. आमच्या लातूरच्या कॉलेजच्या रसायनशास्त्र संशोधन केंद्राची मान्यता ठेवायची की काढायची, ते ठरवणार. या खेपेला पेपर किती एवढ्यावर भागणार नाही. त्या पेपरांना सायटेशन किती, तेही बघणार.

प्राचार्य म्हणाले, "केंद्र म्हणजे तुम्हीच, स्वामी सर. तुमचे आकडे काढा."

काढले. एवढ्या वर्षांत एकोणीस पेपर. एच-इंडेक्स चार. म्हणजे ज्यांना निदान चौघांनी विचारलं असे पेपर चारच.

संध्याकाळी उपास सोडताना बायकोला, महानंदाला, सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे दुसऱ्यांनी आपल्या पेपरात तुमचं नाव किती बार घेतलं, त्याचा हिशेब?"

हो म्हणालो.

"मग माझं तर शून्यच की." आणि भाकरी वाढली.

१४ ऑगस्ट

केंद्र गेलं तरी माझी नोकरी राहते. प्रज्ञाचं काय?

माझी एकुलती एक पीएच.डी.ची विद्यार्थिनी. किनवटची. वडील रेल्वेत गँगमन होते. पाचवीपासून वसतिगृहात राहून शिकली. सकाळी तासिकेवर शिकवते, दुपारी माझ्याकडे लॅबमध्ये. तुराट्या जाळायच्या, ती राख पाण्यात कालवायची, गाळायची, आणि बाजारातल्या महागड्या अल्कलीऐवजी त्या पाण्यावर रिॲक्शन करायची, असा विषय. महानंदा म्हणते, कपाळाला राख, लॅबमध्ये राख, तुम्हाला दुसरं काही सुचत नाही का.

केंद्र बंद झालं की तिला नवा गाईड, नवा विषय, पुन्हा पहिल्यापासून. तिचं वय तिशीला टेकलंय. घरचे तिच्या लग्नासाठी थांबलेत. कुठवर थांबतील?

तिला अजून सांगितलेलं नाही.

१ सप्टेंबर, रविवार. नांदेड

पवार सरांनी बोलावलं म्हणून गेलो. नांदेडच्या एका कॉलेजात विभागप्रमुख आहेत. पेपर शंभरावर. स्टेशनजवळच्या हॉटेलात बसलो. आणखी दहा जण होते, सगळे आपल्याच दोन जिल्ह्यांतले प्राध्यापक.

भिशी आहे. सायटेशनची. मला धरून बारा जण. महिन्याला एकाचा नंबर. ज्याचा नंबर लागेल, त्याचे पेपर बाकी अकरांनी आपापल्या नव्या पेपरांत संदर्भ म्हणून घालायचे. विषयाशी मेळ बसो न बसो.

पवार सर चहा बशीत ओतत म्हणाले, "अवो, बायका पैशाची करत्यात, आपण नावाची करून राहिलोत. पाप थोडंच हाय? कोणाचं काही जातंय का?"

कोणाचं काय जातं ते मला तिथं बसून सांगता आलं नाही.

मी पहिला नंबर मागितला. हसले नाहीत, हे त्यांचं चांगलं. "गरजूला पहिला नंबर, रीतच हाय," म्हणाले.

देवणीला, गावी, माझ्या आईची, अव्वाची, भिशी असायची. गल्लीतल्या एकीनं पहिला नंबर उचलला आणि पुढं दर महिन्याला तोंड लपवू लागली. अव्वानं तिच्या घरचं पाणी परत कधी घेतलं नाही. परतीच्या गाडीत हेच आठवत राहिलं. पहिला नंबर घेणाऱ्यानं शेवटपर्यंत भरायचं असतं.

२० नोव्हेंबर

आकडा चढतोय. पैसे भरले की महिन्याभरात छापणारी जर्नल्स आहेत, त्यांत सगळ्यांचे पेपर येताहेत. एच-इंडेक्स सात झाला. प्राचार्य खूश. स्टाफरूममध्ये भौतिकशास्त्राचे सर म्हणाले, "सर, तुमचा शेअर लई चढून राहिलाय, आम्हाला बी टिप द्या."

त्यातला एक पेपर उघडून बघितला. माझं नाव शोधलं. वाक्य असं: "अशी संयुगे महत्त्वाची आहेत." पुढं कंस, कंसात चौदा ते एकतीस हे संदर्भांचे क्रमांक. त्यातला बावीस म्हणजे मी. तीन उन्हाळे घालून केलेलं काम. अठरा जणांना मिळून एक वाक्य.

दुसरा उघडला नाही.

२२ नोव्हेंबर

प्रज्ञा आज धावत केबिनमध्ये आली. "सर, बघितलं का? लोक आपलं काम वाचायलेत."

तिच्या आवाजात जो आनंद होता तो माझा असायला हवा होता. फाइलमध्ये डोकं घालून "हं" म्हणालो.

तिला आज तरी सांगायचं होतं. नाहीच.

५ जानेवारी

प्रज्ञाचा पहिला पेपर लिहून झाला. राखेच्या पाण्याचा. नावं दोन, तिचं आणि माझं. भाषा साधी आहे, काम सच्चं आहे. मी एवढ्यात वाचलेलं सगळ्यात चांगलं.

दुपारी पवार सरांचा मेसेज. अकरा पेपरांची यादी, सगळे भिशीतल्यांचे. खाली: "आता तुमची पाळी. पोरीच्या पेपरात घाला. हप्ता चुकवू नका." पुढं हसरा चेहरा.

तिला यादी दिली. हे संदर्भांत घाल म्हणालो.

"सर, हे मी वाचले न्हाईत."

"घालून टाक. मग वाच."

तिनं यादी वहीत ठेवली. पहिल्या दिवशी मीच तिला सांगितलं होतं की न वाचलेला पेपर संदर्भात घालायचा नाही, ते पाहुण्याला न बोलावता पत्रिकेत नाव छापण्यासारखं आहे. तेव्हा ती हसली होती. आज मला वाटलं, हसून दाखवेल. नाही हसली.

२१ जानेवारी

वाचतेय ती. तासिकेला जाता-येता, बसमध्ये, मोबाइलवर. रोज एक.

"एकात सिमेंटचं हाय, सर. एकात माशाच्या तेलाचं." आवाजात टोमणा नाही, हेच जास्त लागतं.

म्हणालो, पेपर पाठवायला उशीर होतोय. ती म्हणाली, "तुम्हीच म्हणलात वाच."

मी "मग वाच" म्हणालो होतो. नंतर, या अर्थानं. तिला कळलं नव्हतं असं नाही.

३ फेब्रुवारी

समितीची नावं आली. रसायनशास्त्राचे तज्ज्ञ म्हणून पवार सर.

त्यांचाच फोन. "मीच यायलोय, शिवराज सर. निर्धास्त राहा. तेवढा पोरीचा पेपर आमच्या अकरासहित निघाला म्हणजे झालं. मंडळी विचारून राहिलीत, पहिला नंबर घेऊन स्वामी गप बसले का म्हणून."

शेवटी हसले. धमकी नव्हती. धमकी असती तर बरं झालं असतं, चिडता तरी आलं असतं.

सिद्धेश्वराच्या देवळात जाऊन बसलो. काय मागायचं ते सुचेना. तसाच उठलो.

१२ फेब्रुवारी

अकरांपैकी दहा पेपर प्रज्ञानं काढून टाकले. आपल्या कामाशी संबंध नाही म्हणून. एक ठेवला. पवार सरांचा. आपण राखेच्या पाण्यावर करतो तीच रिॲक्शन त्यांनी त्यांच्या एका मातीच्या कॅटॅलिस्टवर, म्हणजे उत्प्रेरकावर, केलेली. अर्ध्या तासात, जवळजवळ सगळा माल तयार. त्यांचा सगळ्यात गाजलेला पेपर हाच.

तिनं तो प्रयोग करून बघितला. त्यात दिल्याप्रमाणे माती आणून, भाजून, सगळं. तीनदा. काहीच होत नाही. जे टाकलं तेच बाहेर येतं.

आणि पेपरात वाक्य लिहिलंय: "ही पद्धत आमच्या हातून यशस्वी झाली नाही." पुढं कंसात पवार सर.

मी बघतच राहिलो. ती म्हणाली, "सायटेशन तर झालं न सर. मोजणाऱ्याला वाक्य कुठं दिसतंय?"

म्हणजे तिला भिशीचं माहीत आहे. केव्हापासून, कोणी सांगितलं, विचारायचा धीर झाला नाही.

१३ फेब्रुवारी

झोप नाही. वाक्य राहिलं तर पवार सर समितीत बसून काय करतील? केंद्र जाईल. तिचीच पीएच.डी. जाईल, आणि ते तिलाच कळत नाही. की कळतं?

१५ फेब्रुवारी

आज स्पष्ट बोललो. केंद्राचं, समितीचं, तिच्या पुढच्या वर्षांचं, भिशीचं. सगळं. वाक्य काढ म्हणालो. तुझ्यासाठीच सांगतोय म्हणालो. हे म्हणताना स्वतःचा आवाज परका वाटला.

ती फ्लास्क धूत होती. तो धुऊन पालथा घातला. मग म्हणाली, "माझ्यासाठी केलं म्हणायलात, मला विचारलं का सर?"

मग हात पुसत, "काढते मी. पण एक सांगू? पेपरवर नावं दोन हायत. मी 'आमच्या हातून' लिवलंय. त्यात तुमचा हात न्हाई, ते चूकच हाय. तुम्ही एकदा करून बघा. तुमच्या हातून जमलं तर मीच खोडते, वर पवार सरांची माफी मागते."

"आणि नाही जमलं तर?"

"मग आमच्या हातून म्हणजे आमच्याच."

२६ फेब्रुवारी. महाशिवरात्र

कॉलेजला सुटी. उपास. लॅबमध्ये एकटा. किती वर्षांनी ॲप्रन घातला. बटण लागेना.

माती तिनंच भाजून ठेवली होती. वजन केलं, घातलं, ढवळत ठेवलं. माल झाला का ते बघायला थेंब तपासणीच्या प्लेटवर ठेवला, तो पसरला; दुसरी प्लेट घेतली. मनात जप चालू. मागणं एकच: पवारांचा पेपर खरा असू दे. स्वतःच्या रिॲक्शनसाठीही कधी देवाला असं धरलं नव्हतं.

प्लेट आयोडीनच्या बरणीत ठेवली. माल तयार झाला असता तर वर नवा ठिपका उमटला असता. एकच ठिपका उमटला. जे टाकलं होतं त्याचाच.

पुन्हा केलं. तेच.

बोटांना डाग पडले. घरी महानंदानं बघितलं, म्हणाली, "शिवरात्रीला हे काय लावून आलात?" आणि लगेच, "चेहरा का असा झालाय?"

४ मार्च

पवार सरांना फोन केला. म्हणालो, तुमच्या मूळ कॅटॅलिस्टची चिमूटभर पूड मिळेल का?

"कशाला उकरून राहिलात, सर? सायटेशन भेटले न तुम्हाला?"

सांगितलं सगळं. प्रज्ञाचं वाक्यही वाचून दाखवलं. वाटलं, आता संपलं. 

मग ते बोलले ते मी तसंच उतरवून ठेवतो. "शिवराजअप्पा, माझ्याबी हातून एकदाच जमलं होतं. एकदाच. त्या वर्षी माझं प्रमोशन होतं, पोरगं आजारी, सगळं एकदाच. छापून टाकलं. परत करून बघितलं न्हाई. भ्या वाटलं."

सर न म्हणता अप्पा म्हणाले.

"बाटलीत थोडं उरलंय त्याच वेळचं. लातूर गाडीच्या कंडक्टरपाशी देतो. जमलं तर पहिला फोन मला. न्हाई जमलं तर..."

ठेवला.

६ मार्च

बाटली आली नाही. स्टँडवर दोन गाड्या बघितल्या.

वाटलं, पाठवणारच नाहीत. आणि खरं लिहायचं तर, पाठवू नये असंही वाटलं. नाही आली तर मला काही करावं लागणार नाही.

८ मार्च

आली. औषधाची जुनी बाटली, तळाला करडी पूड, वर त्यांच्या अक्षरात तारीख. बूच मेणानं बंद केलेलं. जपून ठेवलीय त्यांनी. ज्या गोष्टीला हात लावायची भीती तिला माणूस इतकं जपतो.

पूड एकाच खेपेला पुरेल.

भिशीच्या मंडळींना मेसेज केला: माझ्याकडून हप्ता होणार नाही. तुम्ही माझे जे घातले ते मी परत करू शकत नाही, पण समितीसमोर ते धरून आकडा सांगणार नाही. पहिला नंबर घेऊन बुडवणारा मीच. अव्वा असती तर तिनं माझ्या हातचं पाणी घेतलं असतं का, कळत नाही. एकानं अंगठा दाखवला, कोणत्या अर्थानं ते त्यालाच ठाऊक. पवार सरांनी वाचलंय.

भिशीतले वजा केले की एच-इंडेक्स पुन्हा चार.

९ मार्च, रविवार

उद्या समिती. सकाळची पूजा लांबली. डाग आहेत तशाच हातावर लिंग घेतलं. नजर ठरली. मागितलं काही नाही.

प्रज्ञा अगोदरच येऊन बसली होती. बूच तिला उघडायला सांगितलं, ती म्हणाली, "तुम्हीच." बाटली झटकून सगळी पूड घातली. ढवळायला लावलं. दोघंही स्टुलावर.  तिनं डब्यातली शेंगापोळी अर्धी मला दिली.

ढवळत असतानाच दोन वाक्यं लिहून ठेवली. एक, जमलं तर. एक, नाही जमलं तर. दोन्हींत पवार सरांचं नाव आहे, दोन्ही "आमच्या हातून" अशीच सुरू होतात. प्रज्ञानं दोन्ही वाचली, पहिल्यातला एक शब्द बदलला, दुसऱ्यात काही बदललं नाही.

पवार सरांचा फोन आला. उचलला तेव्हा एवढंच म्हणाले, "झालं का?" म्हणालो, अजून नाही. "बरं," म्हणाले, आणि ठेवायचं विसरले. फोन तसाच चालू आहे, टेबलावर.

प्लेट बरणीत ठेवली आहे. झाकण लावलंय. आयोडीनचा जांभळा धूर काचेला चढतोय, त्यामुळं बाहेरून काही दिसत नाही.

प्रज्ञानं झाकणावर हात ठेवलाय. माझ्याकडं बघतेय.