फोटोतलं कुंकू

कडेगाव, ७ फेब्रुवारी १९४७

पिनांगहून पत्र आलं! बादशहाभाई काकणांची पेटी खांद्याला लावून थेट शाळेत आले. मी वर्ग तसाच सोडून बाहेर पळाले. मुलींनी गलका केला — करू दे.

त्यांच्या भावाचं, शमशेरभाईंचं, पिनांगात कापडाचं दुकान आहे. त्या मुलखात उतरायचं तर तिथल्या कुणीतरी ‘ही बाई आमच्याकडे राहील’ असं लिहून द्यावं लागतं. त्यांनी दिलंय! बहीण म्हणून ठेवून घेऊ, असंही खाली लिहिलंय. बादशहाभाई आणि दिलशादभाभी मे महिन्यात जाणारच आहेत. “आमच्यासंगट चला, मास्तरीणबाई. सोबतीची काळजी न्हाई.”

आता राहिला पासपोर्ट. तो एकदा हातात पडला की मी जाणार आणि यांना घेऊन येणार.

आत्याबाईंना सांगितलं. भाकरी थापत होत्या. हात थांबला नाही. “येवढ्या लांब? बायमानसानं एकटीनं?” बस्स, एवढंच! सासू आहे की दगड? पोटचा मुलगा ना तो?

९ फेब्रुवारी

परवा रागात लिहिलं. पण खोटं लिहिलं नाही.

सिंगापूर पडलं त्याला आता पाच वर्षं होतील. नंतर पलटणीचा कागद आला — ‘बेपत्ता. मयत असे समजावे.’ समजावे म्हणे! हे समजणारे कोण? पेन्शनीचा कागद आला तेव्हा आत्याबाईंनी मला सही करू दिली नाही. “ही सही केलीस की कपाळ पांढरं झालं बघ.” त्या दिवशी त्या मला फार आवडल्या होत्या.

आणि गेल्या दिवाळीत पाटणचा आकाराम आला. यांच्याच पलटणीतला, जपान्यांच्या कैदेतही बरोबर होता. मी विहिरीवर गेले होते. परत आले तर आत्याबाई सोप्यात बसून डोळे पुसतायत. “अंबू, ज्ञानू हाय गं! आकारामानं बघितलाय.” मी घागर कुठे ठेवली तेसुद्धा आठवत नाही. आकाराम खाली बघत म्हणाला, “व्हय वैनी. पिनांगकडच्या रबराच्या मळ्यात हुता. लंगडत हुता.” चहा केला तो तसाच ठेवून निघून गेला. चहा ठेवून जाणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला.

मळ्याच्या नावावर मी पत्रं टाकली. उत्तर नाही. पाय दुखतोय, लिहायला कोण नसेल, लाजही वाटत असेल. मग जायला नको का कुणीतरी?

२१ फेब्रुवारी

कऱ्हाडला जाऊन फोटो काढला. फोटोवाला सारखा ओरडत होता, “बाई, हलू नका! डोळं मिटू नका!” अंगात ठेवणीतली साडी, हातभर हिरवी काकणं, कुंकू ठसठशीत. यांना दाखवायचाच फोटो म्हटलं तरी चालेल.

४ मार्च

सातारा. कचेरीत सकाळपासून बाकावर. अर्ज घेणारे भाऊसाहेब वयस्क, बोलायला बरे. पण काय बोलले!

लग्न झालेल्या बाईला परदेशी जायचं तर नवऱ्याची लेखी संमती हवी. मी म्हटलं, “भाऊसाहेब, नवऱ्यालाच तर शोधायला चाललेय!” त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “संमती नसेल तर ‘विधवा’ लिहा. पलटणीचा कागद जोडा. मग कुणाला विचारायचं कारण नाही.”

म्हणजे जिवंत माणसाला आणायला जायचं तर आधी तो मेला असं लिहून द्यायचं! हा कुठला कायदा? कुणाच्या डोक्यातून निघाला?

कागद घेऊन परत आले. लिहिलं नाही.

१० मार्च

लिहिलं. तीन अक्षरं. लिहिताना शाई सांडली, दुसरा कागद घ्यावा लागला. म्हणजे दोनदा लिहिलं.

आत्याबाईंना सांगितलं नाही.

२६ मार्च

अर्ज परत! भाऊसाहेबांनी फोटोवर बोट ठेवलं. “बाई, मला सगळं कळतं. पण कागदावर विधवा आणि कपाळावर हे! वरचे साहेब विचारणार, यातलं खरं कुठलं? तेवढा फोटो दुसरा द्या.” आवाज हळू केला. “पाच मिनिटांचं काम आहे. फोटो झाला की परत लावा.”

चांगल्या मनानंच म्हणाले बिचारे. तरी कचेरीच्या पायऱ्या उतरताना रडले. रस्त्यात, सगळ्यांसमोर.

३० मार्च

ठरवलं. पुसायचं. पाच मिनिटं तर पुसायचं! कुंकू जाऊन नवरा मिळत असेल तर महाग नाही.

ओला पदर हातात घेऊन आरशापुढे उभी राहिले. हात वर जाईना. इतक्यात मागे आत्याबाई. मला सगळं सांगावं लागलं, ‘विधवा’ लिहिल्याचंही. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. त्यांनी पदर हातातून ओढून घेतला.

“आईला कुनाची संमती लागती गं?”

“कुणाची नाही. आणि तुम्ही तर...”

“बोल की. मी खरीखुरी रांडमुंड हाय. माझ्या कपाळावर काय पुसायचंच न्हाई. माझा काढ फोटू. मी जाते.”

मी हसले. मग कळलं, त्या हसत नाहीयेत. ज्या बाईला विट्याची खडखडती सर्व्हिस मोटार सोसत नाही, ती समुद्रावरून जाणार! मी म्हटलं, “तुम्हाला वाचता येत नाही, बोली कळणार नाही...” तर म्हणतात, “मला काय वाचायचंय? माझं लेकरू मला वळखू येनार न्हाई व्हय?”

मला राग आला. खरं सांगायचं तर मत्सर वाटला. पहिल्यांदा यांना बघायला मीच हवी होते.

८ एप्रिल

आत्याबाईंचा फोटो आला. कॅमेऱ्याकडे अशा बघतायत, जणू तो शेताचा बांध कोरायला आलाय.

अर्जात जन्मतारीख. “पटकीच्या साली. ज्वारी निसवली हुती.” भाऊसाहेबांनी अंदाजानं एक तारीख घातली.

१७ एप्रिल

चौकशीला पोलीस आला. “आजी, तिकडं कशापायी जाताय?”

“लेकाकडं.”

“परत कवा?”

“काम झालं की.”

त्यानं लिहून घेतलं. जाताना त्यांच्या पाया पडला! त्याचा भाऊही म्हणे ब्रह्मदेशातून आला नाही.

२९ एप्रिल

आत्याबाईंचा पासपोर्ट आला, शमशेरभाईंचं त्यांच्या नावाचं पत्रही. देवी टोचून झाल्या, पटकीची सुईही झाली. दंड सुजलाय. टोचणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार चाललाय. ताप असूनही आवाज खणखणीत.

आज बादशहाभाई मला काकणं भरायला आले. आत्याबाई नेहमीसारख्या मागे बसून रंग निवडत होत्या. “हिरवीच भर. मोकळा हात ठिवू नगंस तिचा.” त्यांचे स्वतःचे हात किती वर्षं मोकळे आहेत! त्यांना कुणी हळदीकुंकवाला बोलवत नाही. सण असला की आपणच उठून गोठ्यात जातात. आज पहिल्यांदा डोळ्यांत भरलं. इतकी वर्षं एका घरात राहून!

९ मे

बांधाबांध. यांच्यासाठी शेंगदाण्याची चटणी, कुळथाचं पीठ, धोतरजोडी मीच ठेवली. आत्याबाईंनी धोतरजोडी बाहेर काढली. मी परत आत घातली.

त्यांनी कुठून तरी कोरा तांब्याचा तांब्या आणलाय, तोंडाला बांधायला पांढरं फडकंही. मी थट्टा केली, “पितळी आहे की एक! दोन-दोन तांब्यांनी पाणी पिणार का बोटीवर?”

“असू दे. एक रिकामा असावा.”

आकाराम येऊन गेला. त्यानं त्यांना मळ्याची वाट पुन्हा पुन्हा सांगितली — पूल, देऊळ, पाण्याची टाकी, तिथून उजवीकडे. त्या लहान मुलीसारख्या पाठ म्हणत होत्या. मी जवळ गेले की दोघंही गप्प. चहा याही वेळी प्यायला नाही.

१३ मे

उद्या मिरजेला सोडायला जाणार. आत्याबाईंना म्हटलं, “यांना म्हणावं, अंबूनं कुंकू पुसलं नाही.” त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला. हात खरखरीत. असं त्यांनी कधीच केलं नव्हतं.

मिरज, १४ मे

मद्रासची गाडी गेली.

डब्यात बसल्यावर दिलशादभाभींनी सहज विचारलं, “मावशी, हा तांब्या रिकामाच कशाला घेतला?” आत्याबाई म्हणाल्या, “त्यात ज्ञानूला आनायचाय.”

मग खिडकीतून माझं मनगट धरलं, काकणांसकट. “आकारामानंच अग्नी दिला, पोरी. अस्थी डब्यात घालून टाकीजवळच्या झाडाखाली पुरल्यात. दिवाळीतच सांगितलं त्यानं मला. मीच म्हनलं, माझ्या सुनंला बोलू नगंस. तुझ्याएवढी हुते मी, माझं पुसलं तवा.” शिट्टी झाली. हात सुटला. गाडीबरोबर मी धावत होते आणि त्या ओरडत होत्या —

“मी येईपातूर पुसू नगंस! आल्यावरबी पुसू नगंस!”